उमराव सिंग यांच्या घरातला कॅमेरा

घरातल्या जुन्या फोटोंमध्ये वडील सहसा सापडत नाहीत. आमच्याकडेही तसंच आहे. बाबांकडे आगफा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो, आणि गणपतीत घातलेला रोल संपेपर्यंत संक्रांत उजाडायची, इतक्या जपून ते कॅमेरा वापरायचे. त्या फोटोंत आई आहे, आम्ही भावंडं आहोत, आत्या आहे, गोठ्यातली कपिला आहे. बाबा नाहीत. सगळ्यांना ओळीत उभं करायचं, सूर्य आपल्या पाठीशी घ्यायचा आणि "आता कुणी हलायचं नाही" म्हणून खटका दाबायचा, हे ज्याचं काम तो त्या चौकटीत येणार कसा?

म्हणूनच उमराव सिंग शेरगिल यांचे फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी थबकले. हा माणूस आयुष्यभर घरच्यांचे फोटो काढत राहिला आणि तेवढ्याच चिकाटीनं स्वतःचेही. लाहोर, हंगेरी, पॅरिस, सिमला, जिथे बिऱ्हाड गेलं तिथे कॅमेरा गेला. कधी पगडी बांधून, कधी केस मोकळे सोडून. कधी पुस्तकात डोकं घालून, कधी दुर्बिणीजवळ उभं राहून, कधी अंगावर फक्त लंगोटी. गिऱ्हाईक कोणी नव्हतं, मासिकाची मागणी नव्हती. फोटोग्राफी हा त्यांचा धंदा कधीच नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झालेला हा उद्योग 1940च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालू राहिला.

बहुतेकांना त्यांची ओळख एवढीच असते की ते चित्रकार अमृता शेरगिलचे वडील. अमृताबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. मला इथे त्यांच्या घरातल्या कॅमेऱ्याचं प्रकरण उलगडून बघायचंय. एका हौशी माणसानं साठेक वर्षं फोटो काढले, ते कशाच्या ओढीनं? आणि ज्यांचे काढले, त्यांना त्या फोटोंत काय हवं होतं?

सरदारांचा थोरला मुलगा

उमराव सिंग 1870 साली जन्मले. घराणं अमृतसरजवळच्या मजिठ्याचं, रणजित सिंगांच्या दरबारात नाव कमावलेलं, जमीनजुमला असलेलं. वडील लहानपणीच गेले. धाकटे भाऊ सुंदर सिंग मजिठिया हे सार्वजनिक जीवनातलं बडं प्रस्थ झाले. शीख समाजाच्या संस्थांमध्ये पुढे, इंग्रज सरकारात मान, नावामागे 'सर', आणि गोरखपूरजवळ सरायाला साखर कारखाना. घराण्याचं नाव जगात चालवलं ते धाकट्यानं.

थोरल्याचा ओढा वेगळीकडे होता. संस्कृत, फारसी, तत्त्वज्ञान, योग, आकाशातले ग्रह-तारे, सुतारकाम. कवी इक्बाल हे त्यांचे स्नेही. राजकारणात त्यांचा कल इंग्रजांविरुद्धच्या बाजूला होता आणि गदरवाल्यांशी, म्हणजे परदेशातून इंग्रजांविरुद्ध उठावाची तयारी करणाऱ्या क्रांतिकारकांशी, त्यांचे धागे आहेत असा सरकारला संशय होता. आपल्याकडे अशा माणसाला 'व्यासंगी' म्हणतात, आणि ते म्हणताना आवाजात कौतुकाबरोबर थोडी कीवही असते. व्यासंगी म्हणजे ज्याला खूप येतं, पण ज्याच्या हातून 'काही झालं नाही' असा. उमराव सिंगांवर हा शिक्का बसला असणार असं मला वाटतं, आणि त्यांच्या फोटोंमधला एक मोठा धागा इथूनच निघतो.

पहिली पत्नी 1907 साली वारली. त्यानंतर काही वर्षांनी लाहोरात त्यांची गाठ मारी आंतोनेत गोट्समान या हंगेरियन तरुणीशी पडली. ती ऑपेरा गायचं शिक्षण घेतलेली होती आणि रणजित सिंगांची नात राजकन्या बांबा हिच्यासोबत हिंदुस्थानात आली होती. 1912 साली दोघांचं लग्न झालं आणि त्याच वर्षी दोघंही बुडापेस्टला गेली. तिथेच 1913च्या जानेवारीत अमृताचा आणि 1914च्या मार्चमध्ये इंदिराचा जन्म झाला.

मग पहिलं महायुद्ध लागलं. इंग्रजांची प्रजा असलेला हा पंजाबी सरदार शत्रूच्या देशात अडकला. पैशांची ओढाताण, भोवती परकी भाषा, घरात दोन लहान मुली. कुटुंबाला हिंदुस्थानात परतायला 1921 साल उजाडलं. या वर्षांतल्या फोटोंत मात्र टंचाई दिसत नाही. मुली वेगवेगळ्या पोशाखांत नटलेल्या, आई डौलात बसलेली, वडील धीरगंभीर. घरात कितीही कटकट असली तरी फोटो काढताना तोंड धुऊन, केस विंचरून बसायचं, हे आपल्याकडच्या फोटो स्टुडिओंनी कैक पिढ्यांना शिकवलं. उमराव सिंग तो स्टुडिओ घरात घेऊन आले.

काच, काळं कापड आणि उभं राहण्याची शिस्त

आज मोबाइल हात लांब करून धरला की झालं. त्या काळात स्वतःचा फोटो स्वतः काढणं म्हणजे काय खटाटोप असायचा, ते समजून घेतल्याशिवाय हे प्रकरण कळायचं नाही.

मोठा कॅमेरा तिवईवर ठेवायचा. डोक्यावर काळं कापड घेऊन मागच्या खरखरीत काचेवर बघायचं. तिथे समोरचं दृश्य दिसतं, पण उलटं, डोकं खाली आणि पाय वर. जिथे आपण बसणार त्या जागी आधी खुर्ची किंवा दुसरा माणूस ठेवून तो स्पष्ट दिसेपर्यंत भिंग मागेपुढे करायचं. मग भिंग झाकायचं, रसायन लावलेली काच तिच्या बंद चौकटीतून मागे बसवायची, चौकटीचं झाकण ओढून काढायचं. मग चालत जाऊन आपल्या जागी बसायचं. रबरी फुगा लांब नळीनं जोडलेला असेल तर तो मुठीत दाबायचा, नाहीतर भिंग उघडायला घरातल्या कुणाला तरी सांगायचं. आणि मग श्वास रोखायचा. अंधाऱ्या खोलीत काच धुऊन निघेपर्यंत काय उमटलंय ते कळत नाही.

एवढं करून माणूस स्वतःला टिपतो, तेव्हा तो चेहरा सहज पकडलेला नसतो. आपण काय म्हणून दिसायचं, हे त्यानं खुर्चीपर्यंत चालत जाताना ठरवलेलं असतं.

उमराव सिंग दोन भिंगांच्या कॅमेऱ्यानंही फोटो काढत. दोन डोळ्यांइतक्या अंतरावरून टिपलेली दोन चित्रं शेजारी ठेवून खास भिंगातून पाहिली की माणसं खोलीत खरोखर उभी असल्यासारखी दिसतात. ऑटोक्रोमवरही त्यांनी हात चालवला. ल्युमिए बंधूंनी 1907 साली बाजारात आणलेली ही रंगीत फोटोंची पद्धत मोठी विलक्षण आहे. बटाट्याच्या पिठाचे अतिसूक्ष्म कण तीन रंगांत रंगवून काचेवर पसरायचे आणि त्यावर प्रकाशाला जागणारा थर द्यायचा. या काचेला साध्या काचेपेक्षा कितीतरी जास्त प्रकाश लागतो, म्हणून समोरच्या माणसाला जास्त वेळ निश्चल राहावं लागतं. तयार झालेलं चित्र कागदावर नसतं. ती काच उजेडासमोर धरली तरच रंग दिसतात, आणि तेही किंचित रवाळ, पहाटेच्या स्वप्नातल्यासारखे.

अशा तंत्रात घरच्यांची साथ लागते. बायको-मुलींनी वेळ दिला नाही, कंटाळून मान हलवली, तर काच वाया. इतक्या वर्षांत इतके फोटो निघाले याचा अर्थ कॅमेऱ्यापुढे उभं राहणं हा या घरातला रिवाजच होता. आपल्याकडे कुणाच्या घरी गाण्याची बैठक असते, कुणाच्या घरी संध्याकाळी पत्ते बसतात, तसं यांच्याकडे फोटोला बसणं.

आणि हौसेची ही परंपरा हिंदुस्थानात नवी नव्हती. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 सालीच निघाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे पेशानं वैद्य, पण कॅमेऱ्यातले जाणकार. कॅमेरा महाग, रसायनं महाग, म्हणून सुरुवातीला हे वेड संस्थानिक, डॉक्टर, लष्करी अधिकारी अशांनाच परवडायचं. उमराव सिंग त्याच वर्गातले. वेगळेपण एवढंच की त्यांनी बहुतांशी घराचा उंबरठा ओलांडला नाही. देवळं, लेणी, मिरवणुका सोडून ते आपल्याच चार माणसांकडे बघत राहिले.

मोकळे केस

एक फोटो जवळून बघू. लाहोर, 1904. नुकतीच अंघोळ झालेली आहे. उमराव सिंग तेव्हा चौतीस वर्षांचे. अंग उघडं, केस मोकळे.

आपल्याला त्यात काही विशेष वाटणार नाही. पण शिखाचे मोकळे केस ही घरातली, खासगी गोष्ट आहे. चारचौघांत तो पगडीशिवाय दिसत नाही. सरदार घराण्यातल्या पुरुषाची पगडी म्हणजे तर त्याची इभ्रत. त्या काळी राजेसरदार स्टुडिओत जाऊन फोटो काढायचे ते जरीचा अंगरखा, गळ्यात मोत्यांचे सर, हाताशी तलवार, मागे रंगवलेला पडदा अशा थाटात. तोच मान, तोच पैसा हाताशी असलेला हा माणूस सगळं उतरवून कॅमेऱ्यासमोर येतो आणि तो क्षण काचेवर ठेवतो. मला यात निर्लज्जपणा दिसत नाही, आणि नुसती आत्मप्रौढीही दिसत नाही. घराण्याने दिलेलं सगळं काढून ठेवलं तर खाली कोण उरतो, ते त्यांना बघायचं होतं.

हेच पुढे पुन्हा पुन्हा येतं. पॅरिसच्या मुक्कामात साठीच्या घरातले उमराव सिंग उघड्या अंगानं उभे राहतात. योगानं घडलेलं शरीर. उपासानंतरचाही एक फोटो आहे, त्यात बरगड्या मोजून घ्याव्यात. आपल्या लोकांना तो देह ओळखीचा वाटेल. तुकोबांच्या, एकनाथांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला व्रतानं वाळलेलं अंग परकं नाही. पण संन्यासी आरशात बघत नाही, आणि हा माणूस तर आरशापेक्षा शंभरपट कष्टाचं यंत्र मांडून स्वतःला बघतो. संन्याशाची ओढ खरी आणि ती कुणीतरी बघावी ही ओढही खरी. या दोन्हींची ओढाताण त्या उभ्या राहण्यात दिसते. छाती पुढे आलेली असते आणि डोळे मात्र कुठेतरी लांब लागलेले.

आणि तिसऱ्या प्रकारचे फोटो: टेबल, पुस्तकं, कागद, पांढरी दाढी, खाली झुकलेला चेहरा. पंडिताचे फोटो. हे पाहताना मला सारखं वाटतं की धाकट्या भावाच्या मानमरातबाला दिलेलं हे थोरल्याचं मुकं उत्तर आहे. माझ्याकडे कारखाना नाही, पदवी नाही, माझं काम हे आहे. जगानं दखल घेतली नाही तर निदान माझी काच घेईल.

बायको आणि मुली

मारी आंतोनेत ऑपेराच्या रंगमंचासाठी तयार झालेली होती आणि सिमल्याच्या समर हिलवरच्या बंगल्यात संसार करत होती. तिचे फोटो बघावेत. ती नवऱ्याच्या कॅमेऱ्यासमोर बसलेली बायको वाटत नाही, पडदा वर जायची वाट बघणारी नायिका वाटते. मान किंचित तिरकी, हात ठरवून ठेवलेले, कपडे भारी. तिचा प्रेक्षकवर्ग म्हणजे एक नवरा आणि त्याची एक काच. संसार सुखाचा नव्हता. 1924 साली ती एका इटालियन शिल्पकाराच्या ओढीनं अमृताला घेऊन फ्लॉरेन्सला गेली आणि काही महिन्यांनी परत आली. परत आल्यावर पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसली. फोटोंमधून या गोष्टीचा मागमूस लागत नाही. हौशी फोटो घरातलं खरं सांगतात असं आपण सहज म्हणतो. या घरातले फोटो, घर कसं असावं असं प्रत्येकाला वाटत होतं, ते सांगतात.

इंदिरा पियानोपाशी दिसते. ती संगीत शिकली, पॅरिसमध्येही शिकली. बहिणीच्या तेजात ती झाकली गेली, फोटोंतही बहुधा कडेला. घरातली कडेला उभी राहणारी मुलगीच शेवटी सगळ्यांचे फोटो सांभाळते, याचा अनुभव अनेक घरांत असेल. इथेही तेच झालं.

अमृताला मात्र कॅमेरा लहानपणापासूनच कळलेला होता. आठ वर्षांची अमृता आणि बाविशीतली अमृता, दोघींचे डोळे भिंगाला सारखेच भिडतात. 1929 साली कुटुंब मुलींच्या शिक्षणासाठी पॅरिसला गेलं. तिथे एकोल दे बोझार्त या कलाशाळेत ती शिकली, 'यंग गर्ल्स' या चित्राला 1933 साली ग्रां सलाँ या तिथल्या मोठ्या चित्रप्रदर्शनाचं सुवर्णपदक मिळालं. या सगळ्या काळात वडिलांचा कॅमेरा चालूच होता आणि ती स्वतःची आत्मचित्रं रंगवत होती, एकामागून एक. आत्मचित्रांचा हा नाद तिच्यात कुठून आला, याचं उत्तर शोधायला पॅरिसच्या कलाशाळेत जायची गरज नाही. घरात एक बाप रोज स्वतःला कॅमेऱ्यासमोर मांडत होता आणि मुलगी ते बघत मोठी होत होती.

1934 साली तिला हिंदुस्थानात परतायचं होतं. तिनं आईवडिलांना लिहिलं की युरोपात राहूनच मला हिंदुस्थान सापडला, आणि अजिंठ्याचं एक भित्तिचित्र सबंध रेनेसाँपेक्षा मोलाचं आहे. तोवर तिनं अजिंठा डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. वडील तिच्या परतण्यावर खूश नव्हते. मुलीच्या मोकळ्या वागण्याने घराण्याच्या नावाला बट्टा लागेल ही त्यांना भीती. तिला हे फार लागलं. आपल्यावरच्या मायेपेक्षा तुम्हाला तुमचं नाव मोठं वाटतं, अशा अर्थाचं तिनं त्यांना लिहून टाकलं.

मी या ठिकाणी बराच वेळ अडकून पडले. हाच तो माणूस, जो तीस वर्षांपूर्वी पगडी उतरवून, ओल्या केसांनी कॅमेऱ्यासमोर बसला होता. स्वतःच्या देहाबाबत इतका मोकळा आणि मुलीच्या बाबतीत लोक काय म्हणतील याचा धाक. ढोंगी म्हणून त्यांना मोडीत काढणं सोपं आहे. पण आपल्या ओळखीतले किती बाप असेच असतात! स्वतः बंड केलेलं असतं, आणि पोरीनं केलं की छातीत धस्स होतं. शिवाय उमराव सिंगांचं बंड चार भिंतींच्या आत, काचेवर होतं. मुलीचं बंड रस्त्यावर येणार होतं. घराच्या आत सगळं चालेल, बाहेर नको, हा त्यांचा नियम त्यांच्या फोटोंनाही लागू होताच.

अमृता परतली. 1936च्या नोव्हेंबरात मुंबईत ताजमहाल हॉटेलात तिच्या चित्रांचं प्रदर्शन झालं. त्याच मुक्कामात मुंबईचे कायदेपंडित आणि कलासमीक्षक कार्ल खंडालावाला तिचे पाठीराखे झाले, आणि तिथूनच ती अजिंठा-वेरूळला गेली, मग दक्षिणेत. 'तीन मुली' या चित्राला 1937 साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. अजिंठ्याहून आलेल्या अमृताची रेषा बदलली, रंग मातीचे झाले. आणि 1937चाच एक फोटो आहे, वडिलांनी काढलेला: सिमल्याच्या स्टुडिओत स्वतःच्या चित्रांच्या सोबत उभी असलेली अमृता. जिनं परत येऊ नये असं वाटत होतं, तिच्या कामासाठी बापानं तिवई लावली. पत्रात जे लिहिता आलं नसेल ते या फोटोत आहे असं मी मानते. माझ्याकडे याला पुरावा नाही, मीही कुणाची तरी मुलगी आहे एवढंच.

पण गोष्ट इतकी गोडही नाही. 1930च्या दशकाच्या उत्तरार्धातच अमृता घराबाहेर असताना, तिची जपून ठेवलेली खासगी पत्रं घरी चाळली जात आहेत आणि जाळून टाकायची ठरलंय, हे तिला कळलं. तिनं दुखावून वडिलांना लिहिलं की म्हातारपणी जुनी प्रेमपत्रं वाचत बसण्याचा आनंद आता माझ्या वाट्याला येणार नाही. ज्या घरात प्रत्येक काच जपली गेली, त्याच घरात पत्रांना आग लागली. फोटोंत काय राहायचं हे कॅमेरा धरणाऱ्याच्या हाती होतं. पत्रांत काय राहील हे कुणाच्याच हाती नव्हतं. एकाच घरानं एक जपलं आणि दुसरं जाळलं, त्यामागचं कारण मला हेच दिसतं.

नंतर

म्हातारपण अमृताच्या वाट्याला आलंच नाही. 5 डिसेंबर 1941 रोजी लाहोरात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी ती गेली. मोठं प्रदर्शन काही दिवसांवर आलं होतं. आई या धक्क्यातून कधीच सावरली नाही. 1948 साली सिमल्याच्या घरी तिनं नवऱ्याच्या बंदुकीनं आयुष्य संपवलं. उमराव सिंग त्यानंतर सहा वर्षं जगले आणि 1954 साली गेले.

या शेवटच्या टप्प्यातले त्यांचे फोटो मी एका बैठकीत सलग बघू शकले नाही. म्हातारा माणूस, कागद, हस्तलिखितं. छाती काढून उभं राहणं आता नाही. पण कॅमेरा अजून आहे. मुलगी गेल्यानंतरही त्यांनी तिवई उघडली, काच किंवा फिल्म बसवली आणि आपल्या जागी जाऊन बसले. ज्या बायको-मुलीसाठी घरात हा रिवाज पडला होता त्या नव्हत्या. रिवाज मात्र उरला होता. 2008 साली दिल्लीत त्यांच्या छायाचित्रांचं प्रदर्शन झालं आणि पुस्तक निघालं, त्याच्या नावात 'त्याचं दुःख आणि त्याचं हस्तलिखित' अशा अर्थाचे शब्द आहेत. माणसाला याहून नेमकं नाव कुणी देईल असं वाटत नाही.

हे सगळं आपल्यापर्यंत पोचलं ते इंदिरेमुळे आणि तिच्या मुलामुळे. विवान सुंदरम 1943 साली सिमल्यात जन्मले, बडोद्यात आणि लंडनमध्ये शिकले, आणि 2023 साली जाईपर्यंत हिंदुस्थानी कलेतलं एक मोठं नाव होते. आजोबांचे ते फोटो त्यांनी कपाटात पडू दिले नाहीत. 2001च्या सुमारास त्यांनी कॉम्प्युटरवर या जुन्या फोटोंचे तुकडे एकमेकांत मिसळून नवी चित्रं घडवली. एका चौकटीत आजोबा, मावशी, आई, आजी. आरशात एक चेहरा, खुर्चीत दुसरा. लहानपणची अमृता मोठेपणच्या अमृतासमोर. ज्या काळात जे एकत्र नव्हते, ते इथे एका खोलीत येतात.

काही जणांना ही ढवळाढवळ वाटली असेल. मला ती आजोबांच्या कामाची पुढची पायरी वाटते. उमराव सिंगांनी हयातभर हेच केलं होतं: विखुरलेलं घर एका चौकटीत बसवायचं, सगळ्यांना हवं तसं नटू द्यायचं, आणि स्वतःही धावत जाऊन त्यात बसायचं. नातवाला धावायची गरज पडली नाही, एवढाच फरक.

या प्रकरणानं माझ्या डोक्यातली एक समजूत मोडली. हौशी माणसाचा चांगला फोटो म्हणजे नकळत टिपलेला, असं मी कायम मानत आले. समोरच्यानं कॅमेऱ्याकडे बघितलं की फोटो 'खोटा' झाला, असं आपण किती सहज म्हणतो. पण आई डोक्यावरचा पदर नीट करते, मामा छातीवरचा पेन दिसेल असा उभा राहतो, शेजारची वहिनी बाळाला काजळ लावून आणते. हे खोटं कसं? त्यांना आपल्याबद्दल काय दिसायला हवं होतं, ते त्या एका हालचालीत असतं. उमराव सिंगांच्या घरात कुणीही नकळत टिपलं गेलं नाही. मारी आंतोनेतला रंगमंच हवा होता, तो तिनं खुर्चीवर मिळवला. अमृताला नजरेला नजर देणारी स्वतः हवी होती, ती तिनं वडिलांच्या भिंगात आधी बघून घेतली आणि मग रंगवली. आणि उमराव सिंगांना, मला वाटतं, साक्षीदार हवा होता. पुस्तक छापून येवो न येवो, घराणं मानो न मानो, मी असा होतो, असा राहिलो, हे बघितलेला कुणीतरी.

बाबांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. हे सगळं वाचून-बघून झाल्यावर मी माळ्यावरचा त्यांचा डबा खाली काढला. नेगेटिव्हच्या पट्ट्या बटर पेपरात गुंडाळलेल्या, फोटो बिस्किटांच्या पुड्याच्या कागदात. आईजवळ बसून एकेका फोटोच्या मागे पेन्सिलीनं नावं लिहायला घेतली. नरसोबाची वाडी, आत्याचं लग्न, कपिलेचं पहिलं वासरू. आई भराभर सांगत होती आणि मी लिहीत होते. मग एक फोटो हातात आला तो मी आधी कधी पाहिला नव्हता. मागच्या अंगणातलं ऊन, तुळशीच्या कट्ट्यावर पाठमोरी बसलेली बाई, ओले केस पाठीवर वाळत टाकलेले. चेहरा दिसत नाही.

"ही कोण गं?" मी विचारलं.

आईनं चष्मा लावला, फोटो खिडकीकडे नेला, बराच वेळ बघितला.

"मीच," ती म्हणाली. "हा कधी काढला त्यांनी? मला दाखवला नाही कधी."

पेन्सिल माझ्या हातात होती. ती म्हणाली, "यावर काही लिहू नकोस." आणि तो फोटो तिनं आपल्या पोथीत ठेवून दिला.